कुलूप घरी घडवायचं, की कागदच कमी ठेवायचे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे भाऊ दहा वर्षांपासून सेवा केंद्र चालवतात. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, पीक विम्याचे अर्ज, 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेची झुंबड. या सगळ्यांतून चार-पाच गावांच्या लोकांचे साधारण 30 हजार स्कॅन त्यांच्याकडे साठले. आकाराने ते 9 जीबी होतात. एक प्रत दुकानातल्या संगणकावर आणि दुसरी गुगल ड्राइव्हच्या मोफत 15 जीबीत.

मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका बाईंच्या नावावर त्यांना न विचारताच कुणीतरी कर्ज उचललं. बाई केंद्रात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, माहे कागद तुमच्याइथून तं नाही गेले न?" तेव्हापासून या भाऊंची झोप उडाली आहे. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक फुकट मिळणारा प्रकार) टाकून दिलं आणि सांगितलं, "मामा, क्लाउडवर ठेवायचं तर एन्क्रिप्टेड फाइलसिस्टम पाहिजे. क्रायएफएस घ्या, आणि तयार पॅकेज नको, सोर्सपासून स्वतः बांधा, तेच खरं सुरक्षित." म्हणजे फायली कुलुपात टाकून साठवणारा क्रायएफएस नावाचा प्रोग्रॅम त्याच्या मूळ कोडपासून, म्हणजे सोर्सपासून, आपल्याच लॅपटॉपवर तयार करायचा. आठ रात्री झाल्या. कधी वीज जाते, कधी बांधणी अर्ध्यावर येऊन 'किल्ड' असा शब्द दिसतो आणि सगळं थांबतं. थोरले भाऊ म्हणतात, "आपल्या खेड्यातले कागद पाहते कोण?" पत्राचा शेवट असा: "ताई, बांधत राहू का सोडून देऊ?"

भाऊ, त्या बाईंच्या प्रश्नाने तुमची झोप उडाली, हे वाचून मला तुमच्याबद्दल आदर वाटला. "माझ्याकडून नाही गेले" म्हणून हात झटकणं सोपं होतं. तुम्ही ते केलं नाही, म्हणून मीही तुम्हाला सविस्तर उत्तर देते.

आधी त्या आठ रात्रींबद्दल. 'किल्ड' दिसतं त्यात तुमची काही चूक नाही. क्रायएफएस सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेलं आहे आणि त्याच्या काही फायली कंपाइल होताना, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनताना, मेमरी भरपूर खातात. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा 4 जीबी असेल, आणि भाच्याने दिलेल्या आज्ञेत एकाच वेळी चार कामं चालवायला सांगितलं असेल. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच कंपायलरला मारून टाकतं आणि पडद्यावर तो शब्द उमटतो. मेकला, म्हणजे बांधणी चालवणाऱ्या आज्ञेला, एका वेळी एकच काम चालवायला सांगा, 4 जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) तयार करा, म्हणजे हळू का होईना बांधणी पुरी होते. वीज गेली तरी तयार झालेले भाग वाया जात नाहीत, मेक पुन्हा चालवलं की राहिलेल्या कामापासून सुरू होतं. फक्त वीज गेली त्या क्षणी जी फाइल अर्धवट लिहिली गेली असेल ती घोळ घालते. विचित्र चूक दिसली तर ती एक फाइल काढून टाका. ती ओळखू येत नसेल तर बिल्डचा सगळा फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करा. आणि हे काम मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली करू नका. आपल्याकडच्या 45 अंशांत जुना लॅपटॉप तापून स्वतःच बंद पडतो.

पण बांधायचंच कशाला, हा माझा पहिला प्रश्न आहे.

भाच्याचं मन चांगलं आहे, त्याने तुम्हाला योग्य दिशेला वळवलं. 'स्वतः बांधलं म्हणजे सुरक्षित' हे मात्र मला पटत नाही. सोर्सपासून बांधण्याचा फायदा होतो तो सोर्स वाचणाऱ्याला. तुम्ही हजारो ओळी वाचणार नाही, मीही वाचत नाही. मग विश्वास शेवटी कुणावर तरी टाकावाच लागतो. उबुंटूच्या भांडारातलं पॅकेज डिजिटल सहीसकट येतं, सही जुळली नाही तर एपीटी, म्हणजे उबुंटूचं प्रोग्रॅम बसवणारं साधन, ते बसवायला तयार होत नाही. दोष सापडून दुरुस्ती आली की ती नेहमीच्या अपडेटबरोबर तुमच्यापर्यंत पोचू शकते. स्वतः बांधलेल्या प्रोग्रॅमची तशी वाट नाही. वर्षभराने नवी आवृत्ती आली तर पुन्हा तुम्हीच, पुन्हा त्या रात्री. भांडारातल्या आवृत्तीत तुम्हाला नडणारा दोष असेल आणि दुरुस्ती अजून तिथे आली नसेल, तर बांधावं. किंवा शिकायची हौस असेल तर बांधावं, ती हौस मोलाची आहे. तुमच्या कामाला एपीटी इन्स्टॉलची एक ओळ पुरते. तयार पॅकेज म्हणजे कमअस्सल माल, हे मनातून काढून टाका.

आता क्रायएफएसच का, हेही तपासू. आपल्याला कळेल असं सांगते. जिनिंगमध्ये कापूस गेला की प्रेसमधून गठाणी निघतात, सगळ्या सारख्याच. बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही की कोणत्या कास्तकाराचा कापूस कोणत्या गठाणीत आहे, कुणाचा चार क्विंटल होता आणि कुणाचा चाळीस. क्रायएफएस असंच करतं. जर्मनीत कार्ल्सरुहे तंत्रज्ञान संस्थेत 2015 मध्ये सेबास्टियन मेस्मर यांच्या प्रबंधातून ते पुढे आलं. तुमच्या फायली, त्यांची नावं, आकार, कोणत्या फोल्डरमध्ये काय, हे सगळं ते सारख्या मापाच्या तुकड्यांत कापतं, एन्क्रिप्ट करतं आणि असे तुकडे क्लाउडवर जातात. नेहमीच्या सेटिंगला एक तुकडा 16 केबीचा.

असंच कुलूप लावणारा दुसरा प्रोग्रॅम म्हणजे गोक्रिप्टएफएस. ते प्रत्येक कास्तकाराचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधतं. आतलं दिसत नाही, फाइलचं नावही वाचता येत नाही, पण गाठोडी किती आणि केवढी हे बाहेरून दिसतं. क्रायएफएसपेक्षा ते तेवढं उघडं आहे.

आता तुमचा हिशेब करू. 9 जीबीचे 16 केबीचे तुकडे पाडले तर ते साधारण 5 लाख 90 हजार होतात. लिनक्ससाठी गुगल ड्राइव्हचं अधिकृत ॲप नाही, म्हणून फायली पाठवायला तुम्ही बहुधा आरक्लोन हा प्रोग्रॅम वापराल. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की गुगल ड्राइव्ह सेकंदाला साधारण 2 फायलींपेक्षा जास्त घेत नाही. म्हणजे पहिली प्रत चढवायला 82 तास, तेही वीज आणि रेंज एकदाही गेली नाही तर. तुकडा मोठा, 1 एमबीचा, निवडला तर तुमचा 300 केबीचा प्रत्येक स्कॅन अख्खा 1 एमबी अडवून बसेल. 30 हजार स्कॅन 30 जीबीच्या घरात जातील आणि मोफत 15 जीबीत मावणारच नाहीत. गोक्रिप्टएफएसमध्ये 30 हजार स्कॅनच्या तेवढ्याच फायली, थोड्याशा जास्त. दर 4 केबीमागे 32 बाइट वाढतात, म्हणजे शंभराला एकही नाही. फायलींच्या संख्येच्या हिशेबाने ते काम चार-सव्वाचार तासांचं. डेटा पॅक रोजचा 2 जीबी असेल तर आरक्लोनला रोज दीड जीबीवर थांबायला सांगता येतं, आठवडाभरात होईल.

तुमच्या बाबतीत गाठोड्यांची संख्या दिसली तर काय बिघडतं? सेवा केंद्रात हजारो स्कॅन असतात हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. एखाद्या पत्रकाराला, वकिलाला किंवा डॉक्टरला फायलींच्या आकारावरूनही धोका असू शकतो, त्यांनी क्रायएफएसचा विचार जरूर करावा. तुम्ही गोक्रिप्टएफएस घ्या. तेही एपीटीने बसतं. ते गो भाषेत लिहिलेलं असल्यामुळे कधी बांधायची वेळ आलीच तर जुन्या लॅपटॉपवरही फार त्रास देत नाही.

एक सावधगिरी. जुन्या व्हिडिओंत अजून एनकएफएस हा याच कामाचा जुना प्रोग्रॅम शिकवतात. त्याची 2014 मध्ये सुरक्षा संशोधक टेलर हॉर्नबी यांनी तपासणी केली होती. एन्क्रिप्ट केलेल्या फायलींची एकच प्रत परक्याच्या हाती लागली तर ते बहुधा टिकतं, पण वेगवेगळ्या वेळच्या दोन-तीन प्रती मिळाल्या तर टिकत नाही, असा त्यातला निष्कर्ष. क्लाउडवर तर जुन्या आवृत्त्या साठतच राहतात. त्या वाटेला जाऊ नका. ज्या वाचकांचं काम विंडोजवर चालतं, आणि अंगठ्याच्या मशीनमुळे बऱ्याच केंद्रांत ते तसंच चालतं, त्यांनी क्रिप्टोमेटर पाहावं. संगणकावर ते फुकट आहे, बटणं दाबून चालतं, टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसले तिकडे येते.

भाऊ, त्या बाईंच्या प्रश्नाला एन्क्रिप्शन उत्तर देतं का? क्लाउडवरची प्रत कुलुपात गेली, चांगलं झालं. पण दुकान उघडं असताना तो फोल्डर माउंट केलेला असतो, म्हणजे कपाट उघडंच. काउंटरवर बसलेला पोरगा तो पाहू शकतो. स्कॅनर आपली प्रत आधी डाउनलोडमध्ये टाकतो. लोक आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, तो तुमच्या फोनच्या गॅलरीत जातो, आणि फोनवर गुगल फोटोजचा बॅकअप त्या फोल्डरसाठी चालू असेल तर तिथून तो उघडाच क्लाउडवर चढतो. बिघडलेल्या झेरॉक्सचे कागद टोपलीत पडतात, मग त्यात कुणी भजी बांधतं. त्या बाईंचे कागद नेमके कुठून गेले हे आज तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. कुलूप मात्र एकाच दाराला बसतं, आणि तुमच्या घराला सहा दारं आहेत.

म्हणून विचारते: हे 30 हजार स्कॅन तुम्ही ठेवलेच का?

तुमचं उत्तर मला पत्रातच दिसलं. तुम्ही लिहिता, "लोक येतात, म्हणतात भाऊ तुमच्याकडे असेलच, पुन्हा घरी कुठी जाऊ." म्हाताऱ्या आजीला चार किलोमीटर परत पाठवायचं नाही म्हणून तुम्ही गावाचं कपाट झालात. हे चांगुलपणातून झालं आहे आणि मी त्याला नाव ठेवणार नाही. तरी त्या आजीला कधी विचारलं होतं का, की आजी, तुझं आधार माझ्याकडे ठेवू? 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच म्हणतो: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा, माणसाची संमती घ्या, काम संपलं की पुसा. कायदा बाजूला ठेवला तरी माणुसकीच्या नात्याने तो प्रश्न उरतोच.

बहुतेक कागद जपून ठेवून कुणाचा फायदाही होत नाही. दोन वर्षांपूर्वीचा सातबारा आज कुठे चालत नाही, फेरफार झाला असेल तर उलट गोंधळ करतो, आणि डिजिटल सहीचा ताजा सातबारा हवा तेव्हा ऑनलाइन निघतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते. मंजूर झालेल्या अर्जाला जोडलेल्या पासबुकाची प्रत आता कुणाला पाहिजे? ज्यांच्या मोबाइलला आधार जोडलेलं आहे त्यांना डिजिलॉकर उघडून द्या, दहा मिनिटांचं काम. ज्यांच्याकडे फोनच नाही, किंवा नंबर मुलाचा आणि मुलगा पुण्याला, त्यांच्यासाठी डिजिलॉकर कामाचं नाही हे मला माहीत आहे. अशा लोकांचे कागद ठेवा, पण विचारून, एका वहीत सही किंवा अंगठा घेऊन, आणि आधारची चालत असेल तिथे झाकलेली प्रत ठेवा, ज्यात पहिले आठ आकडे लपलेले आणि शेवटचे चार दिसतात. असं गाळत गेलात तर माझ्या अंदाजाने 30 हजारांतले काही शेच उरतील. मग मघाचा 82 तासांचा आणि 15 जीबीचा हिशेबच संपला. थोरल्या भाऊंनाही सांगा: खेड्यातले कागद कुणी पाहत नाही असं नाही, त्या बाईंच्या नावावरचं कर्ज कागदांशिवाय निघालेलं नाही.

उरलेल्यांना कुलूप लावायचं. आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट, चोराहूनही जास्त.

माझ्या मामेभावाचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. शिस्तीचा माणूस, सगळी हार्ड डिस्क एन्क्रिप्ट केलेली, पासवर्ड डोक्यात. अपघातात गेला. तेरवी झाल्यावर वहिनी ती डिस्क पदरात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आल्या. अर्ध्या गावाची लग्नं होती तिच्यात, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीचं बारसं. दोन महिने मी सुचतील ते शब्द घालून पाहिले. उघडली नाही. चांगलं एन्क्रिप्शन असंच असतं, ते कुणाच्या रडण्याने उघडत नाही. तेव्हापासून मी कुणालाही कुलपाचा सल्ला देते तेव्हा किल्लीची गोष्ट आधी ठरवायला लावते.

गोक्रिप्टएफएस पहिल्यांदा सुरू करताना पडद्यावर एक मास्टर की दाखवतं, 64 अक्षर-अंकांची. पासवर्ड विसरला किंवा सेटिंगची फाइल खराब झाली तरी तिने सगळं उघडतं. ती कागदावर शाईने लिहा, दोनदा ताडून पाहा, फोटो काढू नका. क्रायएफएसमध्ये अशी की मिळत नाही. तिथे क्रायएफएस डॉट कॉन्फिग ही फाइल हरवली किंवा पासवर्ड विसरला तर मागे काही उरत नाही, म्हणून ते वापरणाऱ्यांनी त्या फाइलची वेगळी प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. पासवर्ड सहा शब्दांचा असू द्या. शब्द डोक्यातून काढू नका, माणसाच्या डोक्यातून पोरांची नावं आणि देवाचंच नाव निघतं. शब्दकोश डोळे मिटून सहा वेळा उघडा, बोट पडेल तो शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा. तो पासवर्ड आणि मास्टर की एका लिफाफ्यात घालून, चिकटवून, घरातल्या कोठीत जमिनीची खरेदीखतं असतात तिथे ठेवा. तुमच्या घरच्या वहिनींना ती जागा माहीत पाहिजे, आणि तो लिफाफा कशासाठी आहे हेही माहीत पाहिजे.

थोडक्या गोष्टी राहिल्या. तोच फोल्डर एका वेळी एकाच संगणकावर उघडायचा, दोन्हीकडे उघडा ठेवून लिहिलं तर फायली बिघडू शकतात. दुकान बंद करताना आधी अनमाउंट, मग शटर. आरक्लोनमध्ये 'सिंक' नको, 'कॉपी' वापरा. सिंकमध्ये इथे चुकून पुसलं की तिथलंही पुसलं जातं, मग तो बॅकअप कसला?

ड्राइव्हवरचे जुने उघडे स्कॅन घाईने काढू नका. आधी एक दिवस बाजूला ठेवा. पेनड्राइव्हवर उबुंटू घेऊन दुसऱ्या संगणकावर बसा, क्लाउडवरून एन्क्रिप्ट केलेला फोल्डर उतरवा, आणि पासवर्ड न वापरता, लिफाफ्यातल्या मास्टर कीने उघडून पाहा. शक्य असेल तर वहिनींना करू द्या, तुम्ही बाजूला बसा, बोलू नका. दहा-बारा स्कॅन नीट उघडले तरच जुने काढा, आणि ड्राइव्हची कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर ते 30 दिवस तिथेच पडून राहतात. फोनवरच्या गुगल फोटोजमध्येही एकदा 'आधार' असं शोधून पाहा.

आणि त्या बाईंकडे एकदा जाऊन या. त्यांचा जो जो कागद तुमच्याकडे आहे तो त्यांच्यासमोर काढा, ठेवू का पुसू हे त्यांना विचारा. पुस म्हणाल्या तर तिथेच पुसा. कर्जाची तक्रार पोलिसांत किंवा बँकेत अजून दिली नसेल तर अर्ज तुम्हीच लिहून द्या, त्याचे पैसे घेऊ नका.